गिरजाकाकीनं पारखलेलं कासव

गिरजाकाकी मडकं घ्यायला बसली की कुंभार आपली चिलीम बाहेर काढायचा. आता घाई करून उपयोग नाही हे त्याला ठाऊक असायचं. काकी एकेक मडकं उचलायची, बोटाच्या पेरानं वाजवायची, कान लावायची आणि खाली ठेवायची. त्यातून दोन बाजूला निघाली की दोन्ही पाण्यानं भरायची आणि त्यांच्याशेजारी मांडी घालून बसायची. बुड ओलं दिसायला लागलं की कुंभार म्हणायचा, "काकी, नवं मडकं पाझरतेच."

"पाझरते ते बरं. गळते ते नाही," काकी म्हणायची. "यातलं कोनतं काय करून राहिलं ते पाहू दे मले."

माझी सासू तोवर आपली मडकी घेऊन घरी गेलेली असायची. त्यातलं एखादं पुढं गळायचंच, आणि मग ती काकीच्या अंगणाकडे पाठ करून ते गोठ्यात नेऊन ठेवायची.

मी तेव्हा नवी सून होते. अमरावतीला परकोटाच्या आत आमची गल्ली, आणि काकीच्या व आमच्या अंगणात मधे कमरेइतकी मातीची भिंत. सुनेनं मोठ्यांत बोलायचं नाही, आणि मला तसंही बोलणं सुचत नसे, म्हणून मी पुष्कळ बघितलं. लिहिणं फार नंतर आलं. आमच्या यांनी अकोल्याला शाळेत मास्तरकी धरली, तेव्हा घरीच मला चौथीपर्यंतची पुस्तकं शिकवली. तेवढ्यावर हे लिहिते आहे.

काकी हिवरखेडची. तिच्या बापाला मुलगा नव्हता आणि त्याची बैलांची पारख दहा गावांत नावाजलेली होती. बाजाराला जाताना तो हिलाच गाडीत घालून न्यायचा. दात कसे बघायचे, खूर कसा पसरतो, वशिंड कोणीकडे झुकतं, अंगावर भोवरा कुठं आहे, हे सगळं ती चुलीजवळ बसायच्या आधी शिकली. बापाचंच एक वाक्य ती सगळ्याला लावायची : "आधी चालवून पाह, मंग घरात आन." बैलाला ते ठीक होतं. काकी ते लुगड्याला लावायची, उखळाला लावायची, माणसालाही लावायची.

लेकीसाठी पहिलं स्थळ आलं तेव्हा तिनं वरणात मुद्दाम मीठ दुप्पट टाकलं. मुलगा देखणा, वावर मोठं. त्यानं खाली मान घालून सगळं वरण संपवलं, वर आणखी मागून घेतलं. काकीनं नकार कळवला. लक्षुमणकाका, म्हणजे तिचे धनी, डोक्याला हात लावून बसले.

"पोट्ट्यात खोट काय होती, ते तं सांग."

"जो खारं वरन गुमान खाते, तो उद्या माह्या पोरीले कोनी काही बोललं तं तेबी गुमानच आयकून घेईन."

दुसऱ्या स्थळाच्या मुलानं पहिल्याच घासाला हात थांबवला आणि म्हणाला, "मामी, मीठ जरा जास्त झालं." त्याला लेक दिली. लेक सुखात राहिली, हे सांगितलं पाहिजे.

ती वर्षं कापसाची होती. दूर अमेरिकेत लढाई चालली होती, तिकडचा कापूस विलायतेला जात नव्हता, म्हणून आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, असं पुरुष सांगत. आम्हा बायकांना दिसायचं ते एवढंच, की गल्लीतला एकही पुरुष दिवसा घरी नाही, परकोटाबाहेर गाड्यांची रांग तुटत नाही, आणि केसांत, पिठात, प्यायच्या पाण्यात सगळीकडे रुईचे धागे. ज्यांच्याकडे एक गाडी होती त्यांनी चार केल्या. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. माणसं काहीही, कसंही विकत घ्यायला लागली.

लक्षुमणकाकांच्याही गाड्या कापूस वाहायच्या. एकदा त्यांनी भर हंगामात एक पांढरी जोडी आणली. काकी तिच्याभोवती दोनदा फिरली, एका बैलाला गल्लीच्या टोकापर्यंत चालवत नेऊन परत आणलं आणि म्हणाली, "परत ने."

"अवं, बाजारात बैल उरले नाही."

"म्हनूनच हे उरले."

काका धुसफुसत गेले. ती जोडी त्याच दिवशी समोरच्या बनाबाईच्या धन्यानं घेतली. पुढल्या महिन्यात त्यातला एक बडनेऱ्याच्या रस्त्यावर जो बसला तो उठला नाही. काकी त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. पण बनाबाईला ते न बोलणंच लागलं. तेव्हापासून काकी काही निवडायला बसली की बनाबाई आपल्या दारात येऊन उभी राहायची, कधीतरी हिची नजर चुकेल म्हणून.

त्याच साली चैत्रात गाडीतळावर पटकी लागली. गाडीतळ परकोटाच्या बाहेर. शेकडो गाड्या, तेवढी माणसं आणि दुप्पट बैल एका विहिरीवर. आधी बातमी आली की नांदगावकडचा एक गाडीवान ओकारी-हगवणीनं गेला. मग रोजच बातम्या यायला लागल्या. आमच्या गल्लीची विहीर वेगळी होती, कापसाच्या पैशातच नवी खोदलेली, आणि सगळ्यांचा जीव त्या पाण्यात अडकला होता.

आमच्याकडे जुनी रीत आहे. विहिरीत कासव सोडायचं. ते किडे, पडलंझडलं खाऊन पाणी निवळ ठेवतं, आणि कासव जिवंत आहे तोवर पाणी चांगलं समजायचं. पण ते मेलं, की सगळी विहीर उपसायची, गाळ काढायचा, आणि झरे पुन्हा भरेपर्यंत वाट बघायची. चैत्र-वैशाखात उपसलेली विहीर कधी भरेल ते कोणी सांगू शकत नव्हतं. तोवर पाणी आणायचं ते कुठून? त्याच गाडीतळावरून. म्हणून कासव आणायचं तर पक्कं आणायचं होतं, आणि गल्लीतल्या कोणीही कासव याआधी पाळलेलं नव्हतं.

बायका ओट्यावर जमल्या. माझी सासू म्हणाली, "गिरजाले सांगा. मडक्याले अर्धा दिवस लावते, कासवाले दोन लावीन. पन वस्तू खोटी येनार नाही."

"आन खोटी निघाली तं?" बनाबाईनं विचारलं.

"तं माह्या माथ्यावर," काकी म्हणाली.

भोई दोन कासवं घेऊन आला. एक चपटं, मातकट हिरवं, भाकरी पाण्यात पडून फुगावी तसं. पाठीची कड मऊ आणि नाक पुढं निघालेलं. दुसरं काळं आणि बसकं. तिसरं कासव एका उंटवाल्याकडे होतं. गाड्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून मारवाडाकडून उंट घेऊन आलेली माणसं भाड्याच्या आशेनं इथंच राहिली होती, त्यांतला तो. त्यानं पडशी उघडली आणि भिंतीपाशी उभ्या सगळ्या बायका पुढं सरकल्या. इतकं सुंदर जनावर आम्ही पाहिलं नव्हतं. घुमटासारखी उंच पाठ, तिच्यावर काळ्या रंगात पिवळ्या रेघांच्या चांदण्या काढलेल्या. जणू कोणी रांगोळी घातली होती.

"बाईजी, सौ साल जिएगा," तो म्हणाला.

"तू थांबशीन का सौ साल, पाहाले?" काकी म्हणाली, आणि तिन्ही कासवं अंगणात मांडून त्यांच्यापुढं बसली.

तिनं पहिल्यांदा दात बघायचा प्रयत्न केला. चपट्या कासवाच्या तोंडाशी काडी नेली तर त्यानं ती कचकन धरली आणि सोडीना. "मारकं हाय," काकी म्हणाली. काळ्यानं तोंड आत घेतलं ते बाहेरच काढलं नाही. "बुजरं." चांदण्यावाल्यानं काडीचा वास घेतला आणि शांतपणे मान फिरवली. काकीनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"दात तं एकालेबी नाही," ती म्हणाली. "वय कसं समजाचं?"

बायका हसल्या. काकी हसली नाही. तिनं तिघांना अंगणाच्या एका टोकाला ठेवलं आणि दुसऱ्या टोकाला तांदुळजाची भाजी. चपटं होतं तिथंच मातीत अंग दाबून बसलं. काळं चार पावलं पोट घासत आलं आणि थांबलं. चांदण्यावालं चारी पायांवर उभं राहिलं. पाय अगदी खांबासारखे, हत्तीच्या पायाची आठवण व्हावी असे. पोट जमिनीवेगळं ठेवून ते सरळ चालत आलं आणि भाजी खायला लागलं.

भोई मघापासून चुळबुळत होता. तो म्हणाला, "बाई, माहं पान्यातलं जनावर हाय. ते जमिनीवर चालून दाखवनार नाही तुमाले."

"तू तं म्हनशीनच. तुह्यं विकाचं हाय." काकीला विकणाऱ्याचं बोलणं ऐकायची सवय नव्हती. "आन जे खात नाही ते जनावर जगत नाही."

मग तिनं चपट्याला हुंगून बघितलं आणि नाक मुरडलं. चांदण्यावाल्याची पाठ मडक्यासारखी वाजवून बघितली. बापानं शिकवलेलं जेवढं होतं तेवढं सगळं तिनं लावलं, आणि प्रत्येक गोष्टीत तेच उतरलं : चाल सरळ, पाय भक्कम, पाठ उंच, अंगावर शुभ खुणा, स्वभाव गरीब, खाणं मोकळं. मलाही ते पटलं. तिथं उभ्या कोणालाच दुसरं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला हळदकुंकू लावलं. पुरुष सगळे कापसाच्या बाजारात गेलेले. टोपलीत बसवून काकीनं स्वतः दोर सोडला. विहीर खोल, पाणी पार खाली गेलेलं. टोपली पाण्याला टेकली, तिरकी झाली, आणि कासव पाण्यात गेलं. ते तरंगायला लागलं तशा वरून बायका म्हणाल्या, "पाहा वं, कसं पवते."

काकी काठावर पालथी पडून खाली बघत होती. कासव मान ताणून वर धरत होतं. चारी पाय हलत होते, पण ते पुढं जात नव्हतं. भिंतीला लागलं की नखं खरवडायचं, दगड बुळबुळीत, पुन्हा घसरायचं. त्याचा मागचा भाग हळूहळू खाली जायला लागला होता. नखांचा तो आवाज विहिरीत घुमून वर येत होता.

"याले पवता येत नाही," काकी म्हणाली.

"कासवाले पवता येत नाही?" बनाबाई म्हणाली. "आयकलं का वं, गिरजा काय म्हनते."

"दोर द्या मले."

"आत्ताच तं सोडलं, आत्ताच काढतं का? देवाचं जनावर हाय ते."

काकीनं तोवर लुगड्याचा कासोटा घट्ट केला होता. तिनं वर ओढलेली टोपली पाठीला अडकवली, दोर कमरेला बांधला आणि दुसरं टोक माझ्या सासूच्या हातात दिलं. बायका विहिरीत उतरत नसत. उतरायला पायऱ्याही नव्हत्या, भिंतीतून पुढं काढलेले दगड तेवढे होते, तेही गाळ काढणाऱ्या गड्यांसाठी अंतराअंतरावर. माझ्या सासूनं काठाच्या दगडाला दोन्ही पाय लावले आणि दोर मनगटाला गुंडाळला. आम्ही बाकीच्यांनी मागून धरला.

दोराला हिसका बसला की काकी एका दगडावरून दुसऱ्यावर गेली हे कळायचं. हिसका लांबला की सगळ्याजणी पाय रोवायच्या. मधेच एकदा दोर एकदम जड झाला, माझी सासू पुढं ओढली गेली आणि तिच्या तोंडून बाप्पा एवढाच शब्द निघाला. मग भार हलका झाला. खालून काकीचा आवाज आला, "दगड निसटला. धरून ठेवा."

शेवटच्या दगडावरून तिला टोपली घेऊन वाकायचं होतं, आणि पाण्यात पाय घालायचा नव्हता. सगळ्या गल्लीचं प्यायचं पाणी ते. कासव तिच्यापासून लांब, मधल्या पाण्यात. तिनं टोपलीनं पाणी आपल्याकडे ओढलं, तशी लाट गेली आणि कासव आणखी पलीकडे गेलं. आता त्याचं नुसतं नाक वर होतं. बनाबाई माझ्याशेजारी ओणवी झाली होती. ती वारंवार ओठ ओले करत होती.

काकी थांबली. पाणी संथ होऊ दिलं. मग टोपली आडवी, तोंड आपल्याकडे धरून तिनं ती लांबवर पाण्याखाली नेली, कासवाच्याही पलीकडे, आणि एका दमात स्वतःकडे ओढली. त्या ओढीत तिचा एक पाय निसटून घोट्यापर्यंत पाण्यात गेला. तो तिनं तसाच वर घेतला. टोपली वर आली तेव्हा तिच्यातून पाणी गळत होतं, आणि आत चांदण्या होत्या.

वर आल्यावर तिनं कासवाला तोंडाकडून खाली धरलं. नाकातून पाणी आलं, पुन्हा आलं. मग उन्हात ठेवलं. बराच वेळ ते दगडासारखं पडून राहिलं. काकीच्या गुडघ्यांची कातडी सोलून निघाली होती आणि तिकडे तिचं लक्ष नव्हतं. शेवटी कासवानं एक पाय बाहेर काढला.

बनाबाई म्हणाली, "मंग? पारख केली होती ना?"

काकीनं तिच्याकडे बघितलं आणि सरळ म्हणाली, "केली. पारख बराबरच होती. पन कासव आनाचं होतं, आन मी बैल आनला."

पहिल्यांदा माझी सासू हसली. मग सगळ्याच. बनाबाई तेवढी हसली नाही.

ते चांदण्यांचं कासव काकीच्या अंगणात राहिलं. त्याचं काय-काय करायचं ते ती बघून बघून शिकली. त्याला हौद नको, उथळ झाकणीत पाणी पुरतं. त्याला तांदुळजा आवडतो, दुधी आवडतो, भात दिला तर पोट बिघडतं. थंडी पडली की ते सरकीच्या ढिगात शिरून बसायचं. ते बघून ती म्हणायची, "विकनाऱ्याचं आयकू नोको हे खरं. पन जनावराचं तं आयकाव."

विहीर मात्र कासवावाचून होती आणि पटकी गाडीतळावरून परकोटाच्या दरवाजापर्यंत आली होती. दुसरं कासव निवडायला कोणी पुढं येईना. काकीनंच भोयाला बोलावणं पाठवलं. तो आला तो तोंड फुगवून. काळं कासव मोर्शीच्या कोणी नेलं होतं, चपटं तेवढं उरलं होतं.

"याले तं तुमी मारकं म्हनलं होतं. हुंगून थुकल्या होत्या."

"थुकली नाही. नाक मुरडलं होतं. आन ठेव तं खाली."

या खेपेला तिनं अंगणात घंगाळ भरलं, तळाशी विहिरीतला गाळ टाकला, कासव आत सोडलं, आणि हात न लावता सकाळपासून उन्हं कलेपर्यंत बसून राहिली. जमिनीवर जे पोतेऱ्यासारखं पडून होतं, ते पाण्यात गेलं आणि दुसरंच काही झालं. एका झेपेत तळाशी जायचं, गाळात अंग बुडवायचं, नुसती नाकाची सोंड वर आणायची, पुन्हा नाहीसं व्हायचं. काकीच्या तोंडावर मी पहिल्यांदा लाज पाहिली. एवढ्या हुशार जनावराला आपण चालवून बघितलं याची असेल.

तिनं ते विहिरीत सोडलं. ते पाण्यात गेलं आणि त्यानंतर दिसलं नाही.

पहिला दिवस कोणी काही म्हटलं नाही. मग म्हणायला लागले. येताजाता जो तो काठावरून डोकवायचा, आणि खाली नुसतं काळं पाणी. बनाबाईनं ओट्यावर बोलायला सुरुवात केली, "मेलं असंन. गाळात पडून सडून राहिलं असंन. आन आपन तेच पानी लेकराले पाजतो." शेजारच्या गल्लीत एका घरातली दोन माणसं गेली, तेव्हा पुरुषही म्हणायला लागले की विहीर उपसून टाकू.

"उपसान तं पेसान काय?" काकी म्हणाली. "गाडीतळाचं?"

"मंग कासव जित्तं हाय हे दाखव."

"ते गाळात बसते. मी पाहिलं हाय घंगाळात. वर येईन तवा दिसन."

"आन तोवरी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी काकी विहिरीवर होती. पहिली घागर तिनं ओढली. तिथंच तांब्या भरला, सगळ्यांसमोर प्यायली, तांब्या उपडा करून दाखवला आणि काठावर बसली. "ऊन त्या लिंबावर येईलोक मी अठी बसतो. मले काही झालं नाही, तं तुमी भरा."

तेव्हापासून तेच. रोज पहिला तांब्या तिचा. ऊन लिंबाच्या शेंड्यावर येईपर्यंत घागरी रित्या, बायका उभ्या, आणि सगळ्यांचे डोळे काकीच्या तोंडाकडे. ती जांभई आली तरी तोंडाला पदर लावायची नाही, कोणाला भलतं वाटू नये म्हणून. आम्ही पाणी नेल्यावरही ती उठत नसे. डाळ निवडणं, वाती करणं, सगळं विहिरीच्या काठावर, आणि नजर खाली. लक्षुमणकाका एका सकाळी बाजाराला न जाता तिथं येऊन उभे राहिले.

"तुले काही झालं तं मी काय करू, गिरजे?"

"मंग उपसा इहीर," ती म्हणाली. "पहिला तांब्या प्याले मंग कोनी लागनार नाही."

बायकांच्या घोळक्यात पुरुषानं थांबायचं नसतं, पण काका ऊन वर येईपर्यंत थांबले.

आमच्या गल्लीत पटकी शिरली नाही. आता आमचे हे म्हणतात की कासवानं पाणी निवळत नाही, ती नुसती समजूत. असेल. मला त्यातलं कळत नाही. पुढं लढाई संपली, कापसाचा भाव उतरला, काकांनी गाड्या मोडल्या आणि दोघं हिवरखेडला वावरावर राहायला गेली. आम्ही अकोल्याला आलो. पुन्हा भेट झाली नाही. तिची माझी शेवटची भेट काही मला आठवत नाही. मला काकी दिसते ती त्या वैशाखातल्या एका सकाळची.

त्या सकाळी ती विहिरीवर आली नाही.

आम्ही घागरी घेऊन उभ्या. ऊन लिंबावर आलं, खाली उतरलं, ओट्यावर पसरलं. दोर कोरडा. कोणी कोणाकडे बघेना. काकीचं दार समोर दिसत होतं, अर्धवट लोटलेलं, आणि तिच्या अंगणात सडा पडला नव्हता. काका पहाटेच बाजाराला गेलेले. कोणीच पुढं होईना. शेवटी बनाबाईच बोलली, अगदी हलक्या आवाजात, "जाय वं कोनी तरी. पाहून ये तिले."

माझ्या सासूनं मला कोपरानं ढकललं.

मी दार लोटलं. काकी उघड्या जमिनीवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. पटकीत आधी पाय गार पडतात असं मी ऐकलं होतं. मी खाली बसले आणि तिच्या तळव्याला हात लावला.

तळवा ऊन होता.

तिनं डोळे उघडले. "काय वं?"

"काकी, बाया थांबल्या."

"कायले?" ती म्हणाली. मग तिला आठवलं. "काल दिसलं ते. साऱ्याइची दुपारची झोप चालू होती. नाक वर काढलं, मले पाहिलं, आन गेलं खाली." तिनं कूस बदलली. "मंग घरी आली ते पडली. जाय, भरून घ्या म्हनाव."

मी काही विचारायच्या आत तिचा डोळा पुन्हा लागला. इतकं गाढ झोपलेलं मोठं माणूस मी दिवसाउजेडी पाहिलं नव्हतं.

मी बाहेर आले. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. इतक्या जणींसमोर बोलायची मला सवय नव्हती. मी पुढं झाले, दोर घेतला आणि घागर विहिरीत सोडली.